‘बाबा ओरायली’ आणि अरणगावचे मौन : एका यंत्रसंगीताच्या कीर्तीची चिकित्सा

१

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) शहराच्या दक्षिणेस, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अरणगावच्या शिवारात मेहेराबाद हे स्थान आहे. तेथील टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. त्यांचे मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात एका जरथोस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२३ साली ते प्रथम अरणगावी आले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धारण केले आणि ते न सोडताच ३१ जानेवारी १९६९ रोजी नगरच्या उत्तरेकडील पिंपळगावजवळ, मेहेराझाद येथे देह ठेवला. साडेत्रेचाळीस वर्षांच्या या मौनात ते प्रथम अक्षरफलकावर बोट ठेवून, आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनी, आपले म्हणणे सांगत असत.

त्यांच्या देहत्यागानंतर अडीच वर्षांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, लंडनच्या ‘द हू’ या वाद्यवृंदाची ‘हूज नेक्स्ट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीत नऊ रचना होत्या. त्यांपैकी पहिलीचे नाव ‘बाबा ओरायली’ असे होते. रॉक संगीतात विद्युत्‌यंत्राने निर्माण केलेली आवर्ती स्वराकृती केवळ अलंकार म्हणून न येता सबंध रचनेचा पाया म्हणून आली, ती ज्या पहिल्यावहिल्या कृतींत, त्यांत या ध्वनिमुद्रिकेची गणना होते. आणि तिच्या अग्रभागी असलेल्या नावातील ‘बाबा’ हे अरणगावचे बाबा होत.

या योगायोगाकडे पाहण्याच्या दोन वृत्ती संभवतात. एक वृत्ती स्थानाभिमानाची : पाश्चात्त्य यंत्रसंगीताच्या उगमाशी नगर जिल्हा आहे, असे म्हणून ती समाधान पावते. दुसरी वृत्ती उपेक्षेची : नाव केवळ नाव आहे, त्याचा संगीताशी काही संबंध नाही, असे म्हणून ती प्रश्न मिटविते. दोन्ही वृत्तींत एक दोष समान आहे. दोघीही प्रत्यक्ष कृतीकडे वळत नाहीत. ऋण मान्य करावयाचे तर ते कशाचे, किती आणि कोणत्या मार्गाने आले हे दाखविता आले पाहिजे. नाकारावयाचे तरीही तेच दाखविले पाहिजे. प्रस्तुत विवेचनाचा हेतू एवढाच आहे.

२

या रचनेचे कर्ते पीट टाउनशेंड (जन्म १९४५) यांना मेहेरबाबांची ओळख १९६७ साली एका चित्रकार मित्राकडून झाली. गुरुशिष्यांची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. १९६९ च्या ‘टॉमी’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर मेहेरबाबांचा उल्लेख ‘अवतार’ या शब्दाने केलेला आढळतो. टाउनशेंड यांनी अरणगावची यात्रा केली ती १९७२ साली. म्हणजे ‘बाबा ओरायली’ प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी नगरची भूमी पाहिलेली नव्हती. ही गोष्ट लहान असली तरी तिचे महत्त्व मोठे आहे. या रचनेत नगरच्या भजनाचा, कव्वालीचा वा आरतीचा ध्वनी शोधू जाणाऱ्यास तो सापडणार नाही, कारण तो कर्त्याने ऐकलेलाच नव्हता.

१९७० साली टाउनशेंड यांनी ‘लाइफहाउस’ नावाच्या एका नाट्यमय संगीतकृतीचा संकल्प सोडला. तिचे कथानक भविष्यकाळातले होते. दूषित हवेमुळे माणसे घराबाहेर पडू शकत नाहीत; विशिष्ट पोशाखात राहून ती एका विराट जालाशी जोडलेली असतात आणि त्या जालातूनच त्यांना सर्व अनुभव पुरविले जातात. अशा जगात काही लोक एकत्र जमून संगीत करतात. प्रत्येक श्रोत्याच्या वैयक्तिक तपशिलांवरून त्याची त्याची स्वराकृती घडवावयाची आणि या सर्व आकृती एकत्र मिळून अखेर एकच स्वर उमटावयाचा, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना होती. हिच्या मुळाशी मेहेरबाबांच्या शिकवणुकीबरोबरच हजरत इनायतखान (१८८२–१९२७) यांचे नादविषयक लेखनही होते. इनायतखान हे बडोद्याचे. तेथील गायनशाळेचे संस्थापक मौलाबक्ष यांचे ते नातू. विश्व हे कंपनमय आहे आणि प्रत्येक जीवाचा स्वतःचा असा एक स्वर आहे, हा त्यांचा विचार लंडनला पोहोचला तो सूफी पंथाच्या द्वारे. पण त्याचे बीज गायकवाडी बडोद्याच्या संगीतपरंपरेत रुजलेले होते, हे मराठी अभ्यासकास विसरता येणार नाही.

‘लाइफहाउस’ त्या वेळी सिद्धीस गेले नाही. लंडनच्या ‘यंग व्हिक’ या रंगगृहात १९७१ च्या आरंभी त्याचे प्रयोग करून पाहण्यात आले. पण वृंदातील सहकाऱ्यांनाही ती कल्पना नीटशी आकलन झाली नाही. अखेर संकल्प सोडून देण्यात आला, आणि त्यासाठी रचलेल्या गीतांतील निवडक गीते घेऊन, ग्लिन जॉन्स यांच्या साहाय्याने ‘हूज नेक्स्ट’ सिद्ध झाली. ‘द हू’च्या ध्वनिमुद्रिकांपैकी ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचलेली ही एकच होय. भंगलेल्या देवालयाचे दगड वापरून बांधलेली वास्तू मूळ देवालयापेक्षा अधिक टिकावी, तसा हा प्रकार झाला.

३

‘बाबा ओरायली’संबंधी एक कथा वारंवार सांगितली जाते. मेहेरबाबांची उंची, वजन, जन्मकाळ इत्यादी तपशील टाउनशेंड यांनी सिंथेसायझरमध्ये भरले आणि यंत्रातून ही धून आपोआप बाहेर पडली, अशी ती कथा. आपल्याकडे जन्मवेळेवरून कुंडली मांडतात. तिच्याच जातीची ही ध्वनिकुंडली म्हणावयास हवी. कथा मनोहर आहे. दुर्दैवाने वस्तुस्थिती तिला पाठिंबा देत नाही.

रचनेच्या आरंभी ऐकू येणारी, पाण्याच्या थेंबांप्रमाणे टपटपणारी स्वराकृती सिंथेसायझरची नाहीच. ती लाउरी कंपनीच्या ‘बर्कशायर’ नावाच्या घरगुती विद्युत् ऑर्गनवर वाजविलेली आहे. दिवाणखान्यात बसून हौशी माणसाने वाजवावे यासाठी केलेले हे वाद्य. त्यात ‘मारिंबा रिपीट’ नावाची एक सोय होती. पट्टी दाबून धरली असता स्वर अखंड न राहता, मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर टिपऱ्या पडाव्यात तसा, तुटक तुटक पुन्हा पुन्हा उमटे. टाउनशेंड यांनी या सोयीचा उपयोग करून आकृती हातानेच वाजविली. ती काळजीपूर्वक ऐकल्यास ध्यानात येते की तिची आवर्तने परस्परांची तंतोतंत प्रतिकृती नाहीत. प्रत्येक वेळी तीत सूक्ष्म फरक पडतो. यंत्राचा भास निर्माण करणारी ती मानवी करणी आहे.

खरा सिंथेसायझर याच ध्वनिमुद्रिकेत अन्यत्र आढळतो. ‘बार्गेन’ या रचनेत एआरपी या अमेरिकन कंपनीचे यंत्र वापरलेले आहे. शेवटच्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ या साडेआठ मिनिटांच्या रचनेत लाउरी ऑर्गनचा ध्वनी लंडनच्या ईएमएस संस्थेने १९६९ साली निर्माण केलेल्या व्हीसीएस-३ या यंत्रातून नेलेला आहे. तेथील प्रक्रिया अशी : वादक ऑर्गनवर जोडस्वर नुसता धरून ठेवतो, यंत्रातील गाळणी मंदगती आंदोलनाच्या नियंत्रणाखाली टप्प्याटप्प्याने उघडते व मिटते, त्यामुळे स्थिर जोडस्वराला स्पंदन प्राप्त होते. स्वर माणसाचा, लय यंत्राची, अशी ही विभागणी आहे. ‘बाबा ओरायली’त नेमके उलट वाटते, पण तेथेही लयीचा तुटकपणा वाद्यातील सोयीनेच पुरविलेला आहे.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सिंथेसायझरच्या इतिहासात या ध्वनिमुद्रिकेला जे स्थान दिले जाते ते तिच्यातील यंत्रांच्या नवलाईमुळे दिले जाऊ नये. यंत्रे त्यापूर्वीही होती. मूगचे यंत्र १९६४ पासून होते, आणि त्यावर बाखच्या रचना वाजविणारी ‘स्विच्ड-ऑन बाख’ १९६८ सालीच गाजली होती. ‘हूज नेक्स्ट’चे श्रेय यंत्रस्वराला रचनेत दिलेल्या स्थानात आहे. दुसरा निष्कर्ष असा की, जीवनचरित्रातून धून निघाल्याची कथा ही संकल्पाची कथा आहे, सिद्धीची नव्हे. समीक्षकाने संकल्पाचा आदर करावा, परंतु त्याला सिद्धी म्हणू नये.

४

नावातील दुसरा अर्धा भाग टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचा आहे. रायली या आडनावाला आयरिश वळण देऊन ते विनोदाने ‘ओरायली’ केलेले आहे. रायली (जन्म १९३५) यांच्या १९६४ च्या ‘इन सी’ या रचनेत ५३ लहान स्वरवाक्ये आहेत आणि प्रत्येक वादकाने प्रत्येक वाक्य आपल्या इच्छेनुसार कितीही वेळा वाजवून पुढे जावयाचे असते. १९६९ च्या ‘अ रेनबो इन कर्व्ड एअर’मध्ये त्यांनी विद्युत् ऑर्गन व अन्य वाद्ये स्वतःच वाजवून ध्वनिफितीवर थरावर थर चढविले. ‘बाबा ओरायली’ची ऑर्गनची आकृती या दुसऱ्या कृतीच्या कुळातली आहे, हे दोन्ही ऐकणाऱ्यास सांगावे लागत नाही.

रायली हे पुढे किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ (१९१८–१९९६) यांचे शिष्य झाले. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीदखाँ यांचे शिष्य. याच घराण्याची दुसरी शाखा अब्दुल करीमखाँ यांच्या द्वारे मिरज-पुण्यास आली आणि सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी यांच्या रूपाने महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. हे नाते पाहून असे म्हणण्याचा मोह होतो की, ‘बाबा ओरायली’ या नावाचे दोन्ही अर्धे महाराष्ट्राच्या परिचयाचे आहेत : एक नगरच्या मार्गाने, दुसरे किराणा घराण्याच्या मार्गाने. परंतु कालक्रम या विधानाला आड येतो. रायली प्राणनाथांचे शिष्य झाले ते १९७० साली; ‘अ रेनबो इन कर्व्ड एअर’ त्यापूर्वीची आहे. सबब तिच्यातील आवर्तनपद्धती किराणा घराण्याच्या तालमीतून आली असे म्हणता येत नाही. फार तर इतकेच म्हणता येईल की, जो संगीतकार स्थिर आधारस्वर आणि संथ विस्तार यांकडे स्वतःच्या वाटेने आलेला होता, त्याला त्याच दिशेची परिपूर्ण विद्या पुढे एका भारतीय गुरूपाशी सापडली. कार्यकारणभावाची दिशा उलटी करणे हा अशा अभ्यासातला सर्वांत सुलभ, आणि म्हणूनच सर्वांत टाळण्याजोगा, दोष होय.

तेव्हा नावातील दोन ऋणे एका जातीची नाहीत. रायलींचे ऋण रीतीचे आहे : स्वराकृतीची मांडणी कशी करावी हे टाउनशेंड यांनी तेथून घेतले. मेहेरबाबांचे ऋण हेतूचे आहे : ती मांडणी कशासाठी करावी हे त्यांनी येथून घेतले. पहिले ऋण कानाला प्रतीत होते. दुसरे केवळ नाव व संकल्प जाणणाऱ्यालाच कळते. एखाद्या अभंगाची चाल एकाकडून आणि भाव दुसऱ्याकडून यावा, तसे हे आहे.

५

आता रचनेच्या अंतर्गत घडणीकडे वळणे आवश्यक आहे. तिचे मूल्यमापन पाश्चात्त्य परिभाषेत पुष्कळ झालेले आहे. भारतीय लयविचाराच्या कसोटीवर ती घासून पाहिल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

तबल्याच्या एकलवादनात पेटी किंवा सारंगी यांवर लेहरा धरलेला असतो. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात बसणारी लहानशी धून. ती अखंड फिरत राहते आणि तिच्या आधारावर तबलजी कायदे, रेले, गती यांचा विस्तार करतो. लेहऱ्यात स्वतःचे असे काही घडावयाचे नसते. तो न बदलता राहतो म्हणूनच तबल्याच्या बदलांना अर्थ येतो. ‘बाबा ओरायली’तील ऑर्गनची भूमिका तत्त्वतः हीच आहे. कीथ मून यांचे ढोलवादन स्वभावतः उच्छृंखल. ठेका धरण्यापेक्षा ठेका मोडून तो भरण्याकडे त्यांचा कल. अशा वादनाखाली ऑर्गनची अविचल आकृती आली तेव्हा त्यांच्या स्वैरतेला प्रथमच एक खरा आधार मिळाला. येथे कालमापनाचे काम ढोलाकडून ऑर्गनकडे गेले आणि ढोल मोकळा झाला.

या तुलनेने आणखी एक जुना वाद नव्या प्रकाशात येतो. पट्ट्यांच्या वाद्यात मींड नाही, श्रुतींची लवचीकता नाही, स्वर ठोकळेबाज आहेत, हे आक्षेप पेटीवर आपल्याकडे दीर्घकाळ घेतले गेले. १९४० साली आकाशवाणीने पेटीला मज्जावही केला. गायनाच्या साथीपुरते हे आक्षेप विचारार्ह आहेत. पण लेहरा धरताना पेटीचा तोच ठोकळेबाजपणा गुण ठरतो. मराठी संगीत रंगभूमीवर ऑर्गनने जो भरीव आणि स्थिर आधार पुरविला, त्याचेही मर्म हेच. वाद्याचा दोष कोणता आणि गुण कोणता, हे त्याला नेमून दिलेल्या कार्यावर अवलंबून असते. टाउनशेंड यांनी घरगुती ऑर्गनच्या यांत्रिकपणाला योग्य कार्य शोधून दिले, यात त्यांची प्रतिभा दिसते.

लेहरा आणि ही आकृती यांत दोन भेद आहेत. पहिला समेचा. लेहऱ्यात सम निःसंदिग्ध असते. किंबहुना सम दाखविणे हेच त्याचे काम. ‘बाबा ओरायली’च्या आरंभीच्या आकृतीत सम कोठे आहे हे श्रोत्याला उमगत नाही. स्वर लुकलुकत राहतात, पण पाऊल कोठे टाकावे ते कळत नाही. मग पियानोचे तीन भरघोस जोडस्वर येतात, त्यांचे मूलस्वर षड्ज, पंचम आणि मध्यम, आणि त्या क्षणी सबंध आकृती जमिनीवर उतरते. पियानो येण्यापूर्वीचा हा निराधार काळ रचनेतील सर्वांत सुंदर भाग होय. भारतीय श्रोता त्याची तुलना आलापातून बंदिशीच्या समेवर येण्याशी करील, आणि ती फारशी अयोग्य होणार नाही.

दुसरा भेद अधिक गंभीर आहे. लेहरा धरणारा माणूस ऐकत असतो. तबलजीने लय किंचित चढविली तर तोही चढवितो. तिहाई समेवर यावी म्हणून तो मनाने त्याच्याबरोबर चालतो. ध्वनिफीत ऐकत नाही. प्रत्यक्ष प्रयोगांत ही आकृती ध्वनिफितीवरून वाजविली जाई आणि मून यांना कानांवर श्रवणयंत्र चढवून तिच्याशी जुळते घ्यावे लागे. जो वादक कोणालाही जुमानीत नसे, तो यंत्राच्या आज्ञेत आला. वादकाने आधी मुद्रित केलेल्या ध्वनीच्या लयीत वाजविण्याची जी प्रथा पुढे सर्वत्र रूढ झाली, तिच्या आरंभीच्या ठळक उदाहरणांत हे मोडते. त्या प्रथेने संगीताला अचूकता दिली आणि सहश्रवणाचा काही अंश हिरावून घेतला. ‘हूज नेक्स्ट’च्या वारशात लाभ आणि हानी दोन्ही आहेत, स्तुतिपर लेखनात हानीची बाजू बहुधा गाळली जाते.

रचनेचा शेवट मात्र या बंधनाला उत्तर देतो. अखेरच्या भागात, मून यांच्याच सूचनेवरून, डेव्ह आर्बस यांचे व्हायोलिन येते. पूर्व युरोपीय लोकनृत्याची आठवण करून देणारी त्याची धून क्रमाने चढत्या लयीत जाते आणि शिगेला पोहोचताच थांबते. ज्या जिल्ह्यात नेवासे आहे, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्यातील वारकरी फडाचे भजन ऐकलेल्या श्रोत्याला ही चढती लय अपरिचित वाटणार नाही. एकच नामगजर, संथ आरंभ, टाळांची वाढती गती आणि परमोच्च क्षणी विराम, हा क्रम तेथेही असतो. हे साधर्म्य आहे, प्रभाव नव्हे. पुनरावृत्तीतून देहभान हरपण्याकडे जाण्याची वाट माणसाने अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे शोधलेली आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

६

या ध्वनिमुद्रिकेच्या दीर्घकालीन प्रभावासंबंधी बोलताना प्रभाव, पूर्वत्व आणि साधर्म्य या तीन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये.

जपानमध्ये इसाओ टोमिता यांनी १९७४ साली देब्युसीच्या पियानोरचना मूगच्या यंत्रावर बसवून ‘स्नोफ्लेक्स आर डान्सिंग’ ही युगप्रवर्तक ध्वनिमुद्रिका काढली. १९७८ पासून ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ने आवर्ती यंत्रलयीवर नवे लोकप्रिय संगीत उभारले. १९७२ साली ओसाका येथे स्थापन झालेल्या रोलँड कंपनीची यंत्रे पुढे जगभर गेली. मुंबईत चरणजितसिंग या चित्रपटसृष्टीतील वादकाने १९८२ साली त्याच जपानी यंत्रांवर भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. ती ध्वनिमुद्रिका त्या वेळी दुर्लक्षित राहिली आणि २०१० च्या पुनःप्रकाशनानंतर तिची जगभर चर्चा झाली. या सर्व कृतींत यंत्राचे आवर्तन आहे. पण टोमितांचा मार्ग रंगछटांचा आहे, चरणजितसिंग यांचा रागस्वरूपाचा. टाउनशेंड यांच्या मार्गाशी त्यांचे नाते साधर्म्याचे आहे. ‘हूज नेक्स्ट’ आधीची असल्यामुळे ती या सर्वांची जननी ठरत नाही.

जेथे प्रभाव निर्विवाद आहे तेथे तो दोन प्रकारचा दिसतो. पहिला लोकव्यवहारातला. या रचनेचा आरंभ एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपसमारंभात ‘द हू’ने ती सादर केली. हा प्रसार मोठा असला तरी त्यात ‘बाबा’ हा शब्द अर्थहीन ध्वनी होऊन बसला. १९८८ साली बॉबी मॅकफेरिन यांच्या ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ या गीताने मेहेरबाबांचे वचन जगाच्या तोंडी दिले, पण तेथे नाव नाहीसे झाले. एकात नाव उरले आणि वचन गेले. दुसऱ्यात वचन उरले आणि नाव गेले. कीर्ती ही अशीच अर्धवट वाहून नेते.

दुसरा प्रभाव संकल्पाचा. जे १९७१ साली साधले नाही ते २००७ साली, संगीतकार लॉरेन्स बॉल यांच्या सहकार्याने, संगणकाच्या साहाय्याने करून पाहण्यात आले : व्यक्तीने आपली माहिती द्यावी आणि यंत्राने तिची ध्वनिप्रतिमा रचावी. माहितीपासून संगीत घडविण्याचे जे प्रयत्न आज सर्वत्र चालू आहेत त्यांच्या पूर्वेतिहासात ‘लाइफहाउस’चे स्थान निश्चित आहे. परंतु येथे एक मूलभूत शंका उपस्थित होते. उंची, वजन, जन्मकाळ हे माणसाचे तपशील आहेत, माणूस नव्हे. ज्यांनी साडेत्रेचाळीस वर्षे शब्दच सोडला, त्यांचे सार आकड्यांतून पकडू पाहणे यात एक अंतर्विरोध आहे. तो विरोध टाउनशेंड यांनाही जाणवला असावा, असे मानण्यास एक आधार आहे. १९७२ साली मेहेरबाबांच्या अनुयायांसाठी काढलेल्या ‘आय ॲम’ या खाजगी ध्वनिमुद्रिकेत त्यांनी याच रचनेचे नऊ मिनिटांहून अधिक लांबीचे रूप समाविष्ट केले, आणि त्यात गायन नाही. लोकांसाठी शब्द, आणि गुरुबंधूंसाठी शब्दविरहित वाद्यसंगीत, ही निवड बोलकी आहे. त्याच वर्षीच्या ‘हू केम फर्स्ट’मधील ‘परवरदिगार’ हे गीत मेहेरबाबांनी सांगितलेल्या प्रार्थनेवर आधारलेले आहे. तेथे भक्ती शब्दांत व्यक्त झाली. पण अरणगावच्या मौनाला अधिक जवळचे आहे ते नऊ मिनिटांचे निःशब्द आवर्तन.

७

एकंदरीत पाहता, नगर जिल्ह्याने या संगीताला ध्वनी दिला नाही, राग दिला नाही, लयही दिली नाही. त्याने एक हेतू दिला. आणि हेतू हा कलाकृतीचा घटक असतो की नाही, हा सौंदर्यशास्त्रातला जुना वाद आहे. प्रस्तुत उदाहरणापुरते उत्तर असे देता येईल : हेतू श्रोत्याला ऐकू येत नाही, पण त्याच्या अभावी ही रचना झालीच नसती. प्रत्येक माणसाचा स्वर शोधावा आणि सर्व स्वर एकात विलीन व्हावेत, ही ओढ नसती तर घरगुती ऑर्गनवरची एक क्षुल्लक सोय इतक्या चिकाटीने कोणी हाताळली नसती. स्थानाभिमानाला यापेक्षा अधिक हक्क सांगता येत नाही. उपेक्षेलाही याहून कमी देता येत नाही.

प्रतिवर्षी ३१ जानेवारीला, अमरतिथीच्या दिवशी, मेहेराबादला देशोदेशींचे लोक जमतात आणि दुपारी सव्वाबारा वाजता पंधरा मिनिटे मौन पाळतात. त्यापूर्वी आणि त्यानंतर तेथे गाणी होतात, वेगवेगळ्या भाषांतली आणि वाद्यांवरची. ‘बाबा ओरायली’चा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने तिच्या आरंभीच्या त्या निराधार क्षणांकडे, म्हणजे पियानोची सम येण्यापूर्वीच्या भागाकडे, या मौनाच्या संदर्भात पुन्हा एकदा लक्ष द्यावे. कृतीचे अरणगावशी असलेले नाते कोठे श्रवणगोचर होत असेल तर ते तेथेच होण्याचा संभव आहे.